वीज नसलेल्या कॉटेजमध्ये प्रोपेनवरचा फ्रिज कसा बसवावा?

प्रश्न (तळ्याकाठी):
नमस्कार मंडळी. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, हॅलिबर्टन भागात आम्ही एक जुने लाकडी कॉटेज घेतले आहे. तिथे वीज नाही, आणि खांब टाकून ती आणायची म्हटले तर खर्च आवाक्याबाहेर जातो. शेगडी आधीपासूनच प्रोपेनवर, म्हणजे सिलिंडरमधल्या गॅसवर आहे, म्हणून फ्रिजही प्रोपेनवरचाच ठेवावा असा विचार आहे. आधीच्या मालकांनी सर्व्हेल कंपनीचा जुना गॅस फ्रिज तिथेच सोडला असून तो चालू स्थितीत असल्याचे ते सांगतात. फ्रिजची जागा झोपण्याच्या खोलीला लागून आहे, आणि उन्हाळ्यात सासू-सासरे व मुलेही मुक्कामाला येणार आहेत. हाच फ्रिज साफसूफ करून वापरावा का? जोडणी मी स्वतः केली तर चालेल का? मुंबईत सिलिंडर बदलणे, रेग्युलेटर बसवणे ही कामे मी नेहमी करत असे.

उत्तर (काजवा):
तो फ्रिज कृपया पेटवू नका. सर्व्हेलचे गॅस फ्रिज 1933 ते 1957 या काळात बनले. त्यांतून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने माणसे दगावली आहेत, आणि ते वापरणे ताबडतोब थांबवावे असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने दिलेला आहे. ‘चालू स्थितीत’ याचा अर्थ आत थंड होते एवढाच. मागची ज्योत कशी जळते, हे त्यावरून कळत नाही.

या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. मागच्या बाजूला खाली एक लहान बर्नर रात्रंदिवस जळतो, त्याच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन वर जातो, द्रवरूप होतो आणि पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतो. म्हणजेच घरातले सगळे झोपलेले असतानाही तिथे ज्योत पेटलेलीच असते. तिला हवा कमी पडली किंवा बर्नरमध्ये कचरा अडकला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. प्रोपेनला मुद्दाम उग्र वास दिलेला असल्यामुळे गळती नाकाला समजते, परंतु कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. म्हणून गळतीची जितकी काळजी घ्याल, त्याहून अधिक या ज्योतीची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना फ्रिज भंगारात देण्यासाठी स्वतः कापू नका. त्याच्या नळ्यांत दाबाखाली अमोनिया असतो.

उत्तर (निळी ज्योत):
मी इथे परवानाधारक गॅस तंत्रज्ञ म्हणून काम करतो. ओंटारिओमध्ये स्थायी गॅस उपकरणाची जोडणी प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञानेच करायची असते. घरमालकाला त्यात सूट नाही. बार्बेक्यूचा सिलिंडर बदलणे वेगळे आणि घरात पाइप आणून बर्नर जोडणे वेगळे. तरीही काम नीट होत आहे की नाही, हे आपल्याला उभे राहून पाहता यावे म्हणून काही गोष्टी सांगतो.

फ्रिज नवा घ्या, आणि झोपण्याची खोली शेजारी असल्यामुळे ‘डायरेक्ट व्हेंट’ प्रकारचाच घ्या. त्यात ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो. सिलिंडर नेहमी घराबाहेर, उभा आणि पक्क्या पायावर ठेवावा. त्याचा सुरक्षा झडप दारे-खिडक्यांपासून किमान 1 मीटर आणि हवा आत घेणाऱ्या तोंडापासून किमान 3 मीटर दूर असावा. फ्रिजपाशी गॅसचा दाब साधारण 11 इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो, आणि तो मॅनोमीटर (दाब मोजण्याचे उपकरण) लावून मोजला जात आहे ना, हे आवर्जून पाहा. दाब अंदाजाने ठरवणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे तपासायचे. काडी पेटवून कधीही नाही.

फ्रिज स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांना समपातळीत बसवावा लागतो, कारण आतला द्रव केवळ गुरुत्वाकर्षणाने परत येतो. जुन्या कॉटेजची जमीन हिवाळ्यातल्या गोठण्याने हलते, म्हणून ही तपासणी दर वसंतात पुन्हा करावी. त्याच वेळी बर्नरही उघडून पाहावा. बंद घरात कोळी बर्नरच्या नळीत जाळे विणतात, आणि तेवढ्याशा जाळ्यानेही निळी, स्थिर ज्योत पिवळी व लवलवती होऊन धुराड्यात काजळी धरते. धुराड्यात पत्र्याची एक पिळदार पट्टी लोंबकळत असते. साफ केल्यावर ती मूळ जागी परत गेलीच पाहिजे, कारण तिच्यामुळेच उष्णता अमोनियाच्या नळीला नीट मिळते.

प्रश्नकर्ता (तळ्याकाठी):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. जुना फ्रिज वापरायचा नाही, हे नक्की झाले. आणखी एक शंका आहे. त्याच खोलीत लाकडाची शेगडी आहे आणि स्वयंपाकघरात बॅटरीवरचा एक्झॉस्ट पंखा बसवायचा आहे. त्याने काही फरक पडेल का? शिवाय विषारी वायूचे आणि गॅसगळतीचे अलार्म कुठे लावावेत?

उत्तर (निळी ज्योत):
फरक पडतो, आणि हा प्रश्न आपण वेळेवर विचारलात. लाकडाची शेगडी आणि पंखा दोन्ही खोलीतली हवा बाहेर ओढतात. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर आतला दाब कमी होतो आणि साध्या फ्रिजच्या धुराड्यातला धूर उलटा खोलीत शिरतो. डायरेक्ट व्हेंटचा आग्रह धरण्याचे हे दुसरे कारण आहे. तरीही तंत्रज्ञाला पंखा आणि शेगडी दोन्ही चालू ठेवून ज्योत तपासायला सांगा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ असणे ओंटारिओत कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या कॉटेजमध्ये तो बॅटरीवरचा लागेल. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने त्याच्या गळतीचा अलार्म मात्र वेगळा घ्यावा आणि फ्रिजजवळ जमिनीलगत लावावा. अलार्मवर मुदतीची तारीख छापलेली असते, तीही पाहून घ्या. हिवाळ्यात कॉटेज बंद करताना दोन्ही अलार्म काढून घरी न्यावेत, कारण अनेक अलार्म गोठणबिंदूखालच्या तापमानासाठी बनवलेले नसतात.