लंडनला शेक्सपिअर पाहायचाय: ग्लोबची तिकिटं कुठली काढू?

मुळामुठा
जूनमध्ये सहा दिवस लंडन. सोबत आई, वय ७१, गुडघे कुरकुरतात. दोघींना ग्लोब या नाट्यगृहात एक तरी नाटक पाहायचंय. इंग्रजी वाचायला अडचण नाही, पण चारशे वर्षांपूर्वीचं कानाला झेपेल का? उभ्याचं तिकीट काढू की बाकावरचं? आधी काय वाचू? ‘नटसम्राट’मुळे ‘किंग लिअर’चा अंदाज आहेच.

पिटातला
तुम्ही उभ्या राहा, आईंना नको. आपल्या जुन्या थेटरात पिट असायचं तेच हे, फक्त खुर्च्या नाहीत आणि वर आभाळ. उभी माणसं सुमारे ७००. जागा राखीव नसते, म्हणून दारं उघडायच्या अर्धा तास आधी रांगेत लागा आणि आत शिरलात की थेट रंगमंचाची कड पकडा. ती छातीच्या उंचीला येते, कोपरं टेकतात. ती गेली तर मागची भिंत. मधोमध अडकलात तर मध्यंतरानंतर कंबर बोलायला लागते, कारण खेळ चालू असताना खाली बसू देत नाहीत आणि नाटक अडीच-तीन तासांचं. पावसात खेळ थांबत नाही. छत्रीला मनाई आहे (मागच्यांना दिसणार कसं?), टोपीवाला रेनकोट न्या.

खांबामागे
आईंसाठी खालची गॅलरी, शेवटची रांग. बाकांना पाठ नाही, तिथे निदान भिंत मिळते. उशी भाड्याने मिळते, ती घ्याच. रंगमंचावर छप्पर पेलणारे दोन जाडजूड खांब आहेत. अगदी कडेचं स्वस्त आसन घेतलं की ऐन भांडणाचा प्रवेश खांबाआड होतो. आसन निवडताना ‘दृश्य अडतं’ अशी सूचना आहे का ते बघा.

तिसरी घंटा
एवढी यातायात एका नकलेसाठी? शेक्सपिअरच्या काळातलं मूळ ग्लोब १५९९चं. १६१३मध्ये ‘हेन्री द एट्थ’ चालू असताना तोफ उडवली, गवती छप्पर पेटलं आणि सगळं जळालं. आत्ताचं १९९७चं, तेही मूळ जागेपासून थोडं दूर.

पिटातला
नक्कल इमारतीची आहे, उजेडाची नाही. तिथे प्रेक्षागृहात अंधार करत नाहीत, रात्रीच्या खेळालासुद्धा. नटाला तुमचा चेहरा दिसतो, त्यामुळे स्वगत तो हवेत न म्हणता कुणाच्या तरी डोळ्यांत बघून म्हणतो. हॅम्लेटचा प्रश्न मग खरोखरच प्रश्न होतो. बंदिस्त थेटरात हे सहसा होत नाही.

उपकथानक
‘नटसम्राट’वर विसंबू नका. बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. लिअरला तीन मुली, आणि धाकटीच्या नकारातूनच नाटक सुरू होतं. लिअरचा सरदार ग्लॉस्टर आणि त्याच्या दोन मुलांचं (त्यातला एक एडमंड) उपकथानक तर ‘नटसम्राट’मध्ये नाहीच. तेवढ्या भांडवलावर गेलात तर पहिल्या अंकातच ‘हा एडमंड कोण?’ होईल. ‘लिअर’ लागलं असेल तर विंदांचं ‘राजा लिअर’ वाचा, ते भाषांतर आहे. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चं रूपांतर, सुंदर आहे, पण ओळीला ओळ लावायला जाऊ नका. कुठलंही नाटक असो, कथासार दोनदा आणि पहिला अंक मोठ्याने, एवढं पुरे. पुस्तक मांडीवर घेऊन बसू नका. संहितेला कात्री लागलेली असते, पान शोधण्यात प्रवेश संपतो.

सूत्रधार
कानाच्या धास्तीवर उपाय: ऐकू कमी येणाऱ्यांसाठी काही खेळ पडद्यावर संवाद दाखवून करतात. त्या तारखा आधी बघा आणि पडदा दिसेल असंच आसन घ्या. पर्याय असेल तर विनोदी नाटक निवडा. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये मुलगी मुलगा बनून वावरते, ते डोळ्यांनाच कळतं. २०१२मध्ये ग्लोबने ३७ नाटकं ३७ भाषांत बोलावली होती. त्यात हेच नाटक मुंबईहून हिंदीत गेलं, तेव्हा न कळणारे कान लंडनकरांचे होते!

मुळामुठा
ठरलं. आईला भिंत आणि उशी, मला कड. पण मग मध्यंतरात तिला शोधायचं कसं?

खांबामागे
तिचा गॅलरीचा विभाग तिकिटावर छापलेला असतो, फोटो काढून ठेवा. आणि आधी प्रसाधनगृहाची रांग, मग भेट. उलट केलंत तर घंटा होते.