कानाचं मशीन: घरातलं कळतं, बँकेतलं कळत नाही. स्मरणशक्तीचा संबंध?

पाटपाणी: घरातल्या ज्येष्ठांचं वय ७४, दोन्ही कानांत मशीन, वापर दीड महिन्याचा. तीक्ष्ण (उंच पट्टीचे) आवाज ऐकू येणं जास्त कमी झालंय. शांत खोलीत घरच्यांचं सगळं कळतं. बँकेत किंवा चौघं एकदम बोलायला लागले की "आवाज येतो, शब्द लागत नाहीत". विसराळूपणामुळे असं होतं का? सेटिंग बदलून फरक पडेल?

कानोसा: स्मृतीचा संबंध आहे, पण चावी कुठे ठेवली ते आठवणाऱ्या स्मृतीचा नाही. ऐकलेलं काही क्षण धरून ठेवत त्याचा अर्थ लावते ती कार्यरत स्मृती. स्वर जोरकस असतात, स, श, थ, फ तीक्ष्ण पण दुबळे. 'साठ'मधला स गेला की उरतं 'आठ'. घरात "साठ रुपये डझन केळी" संदर्भावरून कळतं. काउंटरवर साठ हजार की आठ हजार, हे संदर्भ सांगत नाही. मेंदू कोडं सोडवत बसतो तोवर पुढचं वाक्य निघून जातं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ येर्कर रॉनबर्ग यांची मांडणी हीच: कानावर आलेला ध्वनी मनात साठवलेल्या शब्दाशी जुळला तर कष्ट नाहीत, नाही जुळला तर कार्यरत स्मृती राबते. मशीनमधून ओळखीचा शब्दही अनोळखी वाजतो, म्हणून सुरुवातीला जास्त दमायला होतं. पहिल्या सहा महिन्यांत हा भार कमी होत जातो, अर्थात मशीन रोज घातलं तर.

स्क्रूड्रायव्हर: सेटिंगचंही बघा. मशीन हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवतं, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. जलद कॉम्प्रेशन (आवाज उतरल्यावर साधारण ५० मिलिसेकंदांत पूर्ववत होणारं) दुबळं अक्षर उचलतं, पण बोलण्यातले चढउतार सपाट करतं आणि दोन शब्दांमधला गोंगाटही वर आणतं. कार्यरत स्मृती तल्लख असेल तर याचा फायदा होतो. नसेल तर अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ घेणारं संथ कॉम्प्रेशन बहुधा सोपं जातं. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) थेट 'संथ कॉम्प्रेशन' मागा.

कानोसा: थांबा, ते दुसरं पाऊल. आधी वॅक्स गार्ड (मशीनमध्ये मळ जाऊ न देणारी बारीक जाळी) बदला, मग कानात बारीक नळी घालून रिअल-इअर मोजणी, म्हणजे मशीनचा आवाज पडद्याजवळ खरंच किती पोचतो याची मोजणी, करून घ्या. नव्या माणसाला आवाज पत्र्यासारखा वाटतो, म्हणून पहिल्या भेटीत तीक्ष्ण आवाज मुद्दाम कमी ठेवतात आणि पुढे तो वाढवायचा राहूनच जातो. स कानापर्यंत पोचतच नसेल तर कितीही तल्लख स्मृती काय करणार? आणि दर आठवड्याला सेटिंग बदलत राहिलात तर कानाला सवय कशाची लागणार?

उंबरठा: बोलणाऱ्यांसाठी: आधी विषय सांगा, मग वाक्य. "एफडीबद्दल, कधी मोडायची?" एकदा पुन्हा म्हणून कळलं नाही तर तेच ओरडू नका, शब्द बदला. अंतर एक मीटर, तोंडावर उजेड, पंखा-टीव्ही बंद. आकडा सुटा सांगा, "सहा, शून्य", किंवा लिहून द्या. 'नॉमिनी', 'केवायसी' असे शब्द घरून निघतानाच कानावर घाला. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो गोंगाटात ओळखता येत नाही.

पाटपाणी: आज मशीनमधली वापराची नोंद काढून घेतली. रोजची सरासरी ३ तास, तीही टीव्हीपुरती.

कानोसा: मग कॉम्प्रेशनचं नंतर बघू, आधी वापर वाढवा. सकाळच्या चहापासून घाला, दर आठवड्याला दोन तास वाढवत ८-१० तासांवर न्या. कुकरच्या शिट्टीला दचकतील, तेवढ्यासाठी काढू नका.