बायपासनंतर बाबांना माळावर चालायचंय, सोलापूरजवळच्या सोप्या वाटा सांगा

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये त्यांची बायपास झाली, आता तब्येत चांगली आहे. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. आठवड्यातून एखाद्या दिवशी मध्ये बसत-उठत दीड-दोन तास झाले तरी हरकत नाही म्हणाले, फक्त खडा चढ आणि ऊन टाळा. गेले सहा महिने बाबा सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूला फेऱ्या मारतायत. परवा बूट काढता काढता म्हणाले, "घाण्याच्या बैलागत किती फिरू? एकदा माळावर घेऊन चल की मला."

हे ऐकून पोटात तुटलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, बरीच वर्षं सोलापूर-बार्शी गाडीवर. नान्नजच्या अलीकडे-पलीकडे दिसणारा तो पिवळा माळ त्यांनी स्टिअरिंगमागून हजारो वेळा पाहिलाय. काळविटांचा कळप कुठल्या वळणावर उभा असायचा, हे आजही हाताने दाखवून सांगतात. पण गाडी वेळेत पोचवायची असायची, त्यामुळे खाली उतरून चार पावलं टाकायचं राहूनच गेलं. कुणालाही विचारलं की महाबळेश्वरला न्या, कोकणात न्या असंच ऐकायला मिळतं. त्यांना तिकडचं काही नकोय. त्यांना हाच माळ हवाय, आपली कोरडी हवा आणि लांबवर दिसणारं आभाळ हवंय.

आत्तापर्यंत दोनदा प्रयत्न केला. ऑक्टोबरात हत्तरसंग कुडलला गेलो, जिथे भीमा आणि सीना एकत्र येतात. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. बाबा मान वर करून अक्षरं लावत बसले, ती दहा मिनिटं फार सुंदर गेली. पुढे मात्र नदीकाठाने चालावं म्हणून उसाच्या फडामधून निघालो आणि फसलो. आदल्या दिवशी पाऊस झालेला. काळी माती बुटाला अशी चिकटत होती की दर वीस पावलांनी काठीने खरवडावी लागे. पाय जड झाले तशी बाबांना धाप लागली. पाण्याच्या मोटारीच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर त्यांना बसवलं, नाडी बघितली आणि तसंच सावकाश मागे फिरलो. चूक माझी होती, आधी जमीन बघायला हवी होती.

मागच्या रविवारी नान्नजला गेलो. परवानगीशिवाय अभयारण्यात पायी फिरता येत नाही हे तिथल्या वनरक्षकांनी नीट समजावून सांगितलं, आणि ते योग्यच आहे. माळढोकासाठी १९७९ साली हे अभयारण्य झालं. आधी त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १,२२२ वर आणलं. त्यामुळे कुठला माळ अभयारण्याचा, कुठला गायरानाचा आणि कुठला कुणाच्या मालकीचा, हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही. आम्ही सडकेच्या कडेने दहा मिनिटं चाललो, तेवढ्यात मोजे कुसळांनी भरले. गाडीत बसून मी हेअरपिनने एकेक कुसळ काढत होते. ते आत शिरताना सरळ जातं आणि उलटं ओढलं की दोऱ्यात अडकून बसतं. बाबा म्हणाले, "आमची आई रात्री दिव्याखाली बसून अशीच कुसळं काढायची." सात-आठ महिन्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

तर मदत हवी आहे. चार-पाच किलोमीटरची, जवळजवळ सपाट, पाय बुडणार नाही अशी वाट कुठे आहे? गाडी जवळपर्यंत जायला हवी आणि फोनला रेंज हवी. माळ चालेल, टेकडीचा पायथा चालेल, नदीकाठही चालेल. शंभर किलोमीटरच्या आत असलं तर बरं. कुत्र्यांचं आणि सापांचं काय करायचं, तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी नान्नजजवळच राहतो. आत जायचं असेल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा, परवानगी आणि वेळ तेच सांगतील. नुसतं चालायचं असेल तर गावात कुणा जाणत्या माणसाला विचारून गायरानातली बैलगाडीची वाट धरा. तिथे खाली मुरूम आहे, पावसानंतरसुद्धा चिखल होत नाही. तुम्ही काळ्या रानात गेलात, तिथे अडकणारच. आमच्याकडे साधा हिशेब आहे, जिथे ऊस आणि ज्वारी जोरात तिथे पाय रुततो, जिथे नुसतं गवत तिथे पाय टिकतो.

वाट सोडून गवतात शिरू नका. कुसळांचा त्रास आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथले पक्षी जमिनीवरच राहतात. टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांत ती दिसतसुद्धा नाहीत. थंडीत मध्य आशियातून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, तोही रात्री गवतात जमिनीवरच बसतो. म्हणून संध्याकाळी अंधार पडायच्या आत निघा. माळढोक आता क्वचितच कुणाला दिसतो, त्याची आशा धरून जाऊ नका. काळवीट, खोकड, कधी लांडगाही दिसेल. लांडगा तुम्हाला बघून स्वतःच लांब जातो.

भीती असेल तर ती धनगरांच्या कुत्र्यांची. मेंढरं दिसली की लांबच उभं राहायचं, धनगराला हाक मारायची, तो कुत्री आवरतो. पळायचं नाही, दगड उचलायचा नाही. सापांत घोणस जपायची. दगडांच्या ढिगावर बसू नका, हातात काठी ठेवा, बूट घोट्यापर्यंतचे घ्या आणि पँट बुटावरून सोडा.

प्रतिसाद २

नळदुर्गचा किल्ला बघा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे, तासाभरात पोचाल. आत बराच भाग सपाट आहे, रुंद वाटा आहेत, बसायला जागा आहेत. उपळी बुरुजाच्या पायऱ्या मात्र उंच आहेत, तिथे बाबांना नेऊ नका, खालूनच बघा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. नर-मादी धबधबे बंधारा भरून वाहतो तेव्हाच दिसतात, आणि तेव्हा गर्दीही खूप असते. तुम्हाला चालायचंय, तर धबधबा नसतानाच जा.

येडशीचं रामलिंग कुणी सुचवेल. जागा सुरेख आहे, बालाघाटाच्या कुशीतलं जंगल आहे, पण देऊळ दरीत आहे. जाताना उतार म्हणून बरं वाटतं, येताना तोच चढ होतो. बायपासनंतरच्या पहिल्या वर्षात मी तरी नेणार नाही. गेलातच तर वरच्या रस्त्याने झाडीत फिरा. माकडं पुष्कळ आहेत, हातात खायची पिशवी दिसू देऊ नका.

प्रतिसाद ३

नदीच हवी असेल तर माचणूर. मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि औरंगजेबाचा किल्ला आहे. १६९५ ते १६९९ या काळात त्याची छावणी इथे होती. घाटाच्या पायऱ्या उतरायची गरज नाही, वरूनही नदी छान दिसते. निघण्याआधी उजनीतून पाणी सोडलंय का ते बघा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, नदीच्या बाबतीत अंदाजावर जाऊ नये.

प्रतिसाद ४

मी हृदयरोग विभागात नर्स आहे. वाटेपेक्षा वेळ महत्त्वाची आहे. डिसेंबरच्या कडक थंडीत पहाटे निघू नका, ऊन कोवळं पडल्यावर आठच्या सुमारास सुरू करा आणि दहाच्या आत संपवा. भरपेट खाऊन लगेच चालायचं नाही. चालता चालता नीट बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. डॉक्टरांनी दिलेल्या तातडीच्या गोळ्या बाबांच्या स्वतःच्या खिशात हव्यात, तुमच्या पर्समध्ये नकोत. छातीत दाब वाटला तर 'बघू थोडं' म्हणू नका. आणि जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना किती किलोमीटर ते नेमकं सांगून विचारा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांना विचारलं, तीन किलोमीटरपासून सुरू करा म्हणाले. आज सकाळी नान्नजच्या पुढे गायरानातल्या गाडीवाटेने गेलो. गावातला एक मुलगा बरोबर आला होता. खरंच पाय रुतत नाही, खाली मुरूम कुरकुरतो. अर्ध्या वाटेवर मुलाने हाताने थांबवलं. समोर सात काळविटं होती, त्यातला नर काळाभोर, मान वर करून आमच्याकडे बघत होता. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. कळप निघून गेल्यावर म्हणाले, "गाडीतून हे एवढे मोठे वाटायचे नाहीत." मध्ये दोनदा बसलो, एकूण पाऊण तास चाललो, धाप नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी परत आल्यावरच खाल्ली.

पुढच्या आठवड्यात नळदुर्ग ठरलंय. एकच विचारायचं राहिलं, जानेवारीत मंगळवेढ्याकडे हुरड्याला जायचं म्हणतायत बाबा. माचणूरला चालणं आणि हुरडा एकाच सकाळी जमेल का, की त्यांना दगदग होईल? आणि हुरडा त्यांना कितपत चालेल, हे नर्सताईंनी सांगितलं तर बरं होईल.