बाबांच्या गोळ्या वर जात नाहीत: श्वास ओढायचा की फुंकायचा?

खाटेजवळची:
मागच्या आठवड्यात बाबांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोट उघडून. वय ७१, आयुष्यभर एसटी चालवली. काल नागपुरात महालातल्या घरी आणलं. दवाखान्यातून निघताना हातात ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. तीन नळकांडी, त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे. बाबांनी नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. गोळ्या ढिम्म. "बिघडलेलं देलं त्याईनं!" मी म्हटलं, बाबा, ओढायचं आहे. ओढलं तर पहिली गोळी अर्ध्यावर जाऊन पडली, की लगेच टाक्यांवर हात. "कायले छळतं वं? बोटाले लावलं ते सत्त्याण्णव दाखवते ना, मंग?"

खरं सांगायचं तर मलाही उत्तर देता आलं नाही. ऑक्सिजन ९७ असताना हा छळ कशासाठी? आणि फुंकून फुफ्फुसं साफ होत नाहीत का? डॉक्टर घाईत होते, "करायला लावा" एवढंच म्हणाले.

तर्री_पोहा:
ओढायचंच असते ताई. शहाळ्यातली स्ट्रॉ म्हणून सांगा, लगेच समजेल त्यायले. आमच्या आजोबांनी तर गोळ्या काढून नातवाला खेळायला देल्त्या.

फिजिओ_धरमपेठ:
यंत्र ठीक आहे, काकांना सांगा.

फुफ्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि पोटाच्या मधला पडदा, म्हणजे श्वासपटल, आकसून खाली सरकतो, बरगड्या वर-बाहेर होतात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. सिरिंजचा दांडा मागे ओढल्यावर पाणी येतं ना, तसंच. सोडताना एरवी कष्ट नाहीत, ताणलेलं फुफ्फुस रबरासारखं आपलं आपण मागे येतं. म्हणून मेहनत ओढण्याची. आणि काकांचा टाका बहुतेक उजव्या बरगडीखाली, त्या पडद्याच्या अगदी शेजारी. दुखणारच. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, आणि तिथेच घोळ होतो.

हिशेब बघा. साधा श्वास ५०० मिली. त्यातले सुमारे १५० घसा आणि श्वासनळ्यांतच राहतात, रक्तापर्यंत पोचतच नाहीत. मिनिटाला १२ श्वास घेतले तर कामाची हवा ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर. आता काका २५० मिलीचे २४ श्वास घेतात असं धरा. एकूण हवा तेवढीच, ६ लिटर, पण कामाची १०० गुणिले २४, फक्त २.४ लिटर. खिडकी लावून कूलर चालवल्यासारखं: पंखा गरगर फिरतो आणि खोलीत तीच दमट हवा.

हवा जिथे पोचायला हवी ते वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातले बारीक फुगे, तीस कोटींच्या वर. सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, आपला ७५० फुटांचा फ्लॅट. हवा आणि रक्त यांच्या मधली भिंत अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. लाल पेशी तिथून पाऊण सेकंदात पुढे जाते आणि पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून होतो.

वरवरच्या श्वासाने तळाकडचे कोश उघडतच नाहीत. आतून ओले असतात, मिटून चिकटतात, मागे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. मग ९७ कसे? शरीर हुशार आहे. जिथे हवा नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चालू भागाकडे वळतं. आकडा काही काळ चांगला राहतो, म्हणून थांबू नका.

काकांना बसतं करा. टाक्यांवर उशी दाबून धरायला द्या, खोकतानाही. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवायच्या नाहीत, पहिलीच हळू ओढून तीन-चार सेकंद वर टिकवायची. जागेपणी तासाला दहा वेळा. चक्कर आली तर थांबा. ताप, वाढलेली धाप किंवा आकडा ९४ च्या खाली गेला, तर इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा.

खाटेजवळची:
उशीची युक्ती लागू पडली! आता नवीन भानगड. माझ्या मुलाने ऑक्सिमीटर लावून ४० सेकंद श्वास धरला. तोंड लालबुंद, आकडा ९८ चा ९८. बाबा म्हणाले, "हे बी बिघडलं."

निवृत्त_मास्तर:
नाही बिघडलं. गुदमरल्यासारखं होतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. तो रक्तात आम्लता वाढवतो, मेंदूच्या देठाला ते लगेच कळतं आणि "घे श्वास!" असा हुकूम सुटतो. ऑक्सिजन तेव्हा शिल्लकच असतो. बाहेर सोडलेल्या हवेतसुद्धा १६ टक्के असतो, आत घेताना २१. म्हणून तर तोंडाने दिलेल्या श्वासावर माणूस जगवता येतो.

याचीच वाईट बाजूही आहे. विहिरीत बुडी मारण्याआधी पोरं भराभर दहा-वीस श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उडून जातो. मग हुकूम सुटायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्याखाली बेशुद्ध. नातवाला हे नक्की सांगा.

खाटेजवळची:
सांगितलं. बाबा ऐकत होते, म्हणाले, "आमी बी वेणा नदीच्या डोहात असंच करत होतो," आणि मग बराच वेळ गप्प. आत्ता पहिली गोळी तीन सेकंद टिकली. दुसरी थरथरतेय. नातू बाजूला बसून मोजतोय, आणि बाबा त्यालाच ओरडतायत की तू हळू मोजतोस.