पिंजऱ्यातील पैदास आणि माळरान

'पिंजऱ्यात वाढलेले पक्षी माळावर सोडले, तरी ते जगणार कसे?' ही शंका रास्त आहे. परंतु फ्लोरिडातील ग्रासहॉपर स्पॅरोचा अनुभव थोडा निराळा आहे. नावाने चिमणी असला, तरी नात्याने हा पक्षी हिवाळ्यात आपल्या खानदेशात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणाऱ्या भारिटांच्या अधिक जवळचा, आणि त्याचे गाणे नाकतोड्याच्या किरकिरीसारखे असते. 1986 मध्ये तो संकटग्रस्त ठरला, 2016 मध्ये बंदिस्त पैदाशीतील पहिली पिल्ले जन्मली आणि 2019 पासून पक्षी माळावर सोडण्यास सुरुवात झाली. पुढे त्यांनी रानातील पक्ष्यांशी जोड्या जमवून पिल्लेही वाढवली.

मात्र खरे कष्ट पिंजऱ्याबाहेरचे आहेत. घरटे जमिनीवर, गवताचे छप्पर असलेले. त्यामुळे तेथील कार्यकर्ते प्रत्येक घरट्याभोवती कुंपण घालतात, दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लाल मुंग्यांच्या वारुळांत गरम पाणी ओततात आणि पाणी साचू लागले, की घरट्याखाली माती भरून ते अलगद वर उचलतात. गवत विरळ राहावे म्हणून तेथे माळ दर दोन-तीन वर्षांनी ठरवून जाळतात. आपल्याकडे साक्री-धुळ्याच्या बाजूला चंडोलांच्या कुसळी माळांना उन्हाळ्यात लागणारे वणवे मात्र पक्ष्यांसाठी असे आखून लावलेले नसतात, हा फरक लक्षात घ्यावा. शिवाय 'पडीक' म्हणून नोंदलेला माळ उद्या नांगरला गेला, तर पैदास केलेले पक्षी सोडायचे कोठे?