मदत हवी आहे: गाडीचा पत्रा गंजतोय, रबर कोटिंग की तेल?

नमस्कार मंडळी. गोव्यात पणजीला, मिरामारच्या किनाऱ्याजवळ राहतो, गाडी उघड्यावरच असते. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने दाराखालच्या पट्टीला रंगाचे फुगे आलेत. एक फुगा स्क्रूड्रायव्हरने टोचला, तर टोक सरळ आत! खालची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली होती, म्हणजे गंज आतूनच आलाय.

एक गॅरेजवाला म्हणतो पुट्टी भरून रंग मारतो. ते मला पटत नाही, चतुर्थीपर्यंत परत फुगे दिसतील. दुसरा सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायला सांगतो, ते करायची तयारी आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, तिथे पुढे काय मारायचं? पोकळीत नळीने मेण फवारणारं कोणी पणजी-म्हापसा भागात आहे का?

दुसरं, खालून काय करावं? कॅनडातला भाऊ सांगतो, तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून बरेच जण दरवर्षी हिवाळ्याआधी तेल फवारून घेतात. रबराच्या काळ्या थराला तडा गेला की ओल आतच अडकते म्हणे. आपल्या पावसात तेल टिकेल का? चोडणच्या फेरीबोटीतून रोज गाडी नेणाऱ्यांनी तर जरूर सांगा. खर्चाचा अंदाजही द्या.