घर सोडून चौघांनी शिडाच्या बोटीवर राहायचं: आधी खर्च कशावर करावा?

किनारा_सुटला
साउथॅम्प्टनजवळ राहतो. मुलं 6 आणि 10 वर्षांची. 1998 च्या बांधणीची 38 फुटी फायबरची बोट बघून ठेवली आहे, इंजिन व्होल्व्होचं, सेलड्राइव्हवालं (पंख्याचा पाय बोटीच्या तळातून थेट खाली पाण्यात उतरतो ते). पहिला हिवाळा मरीनात (बोटींच्या भाड्याच्या तळावर), मग जूनमध्ये बिस्केचा उपसागर ओलांडून पोर्तुगाल आणि पुढे भूमध्य समुद्र, असा बेत आहे. पासपोर्ट चौघांचेही भारतीय. सर्व्हेअरला, म्हणजे बोट तपासणाऱ्याला, खास काय बघायला सांगू? रोजचा कुकर आणि पोळ्या इंडक्शनवर भागतील का? वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) आत्ताच घ्यावा का?

तळपाणी
सर्व्हे बोट पाण्याबाहेर काढूनच. तरंगत्या बोटीचा सर्व्हे म्हणजे शर्टावरून पेशंट तपासणं.

आधी तळातले नळ, म्हणजे सीकॉक. त्या काळातल्या पुष्कळ बोटींवर ते साध्या पितळेचे असतात. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. चाकूच्या टोकाने खरवडून बघा. पिवळी चमक आली तर ठीक. गुलाबी दिसलं तर तो नळ नुसता जोर लावून फिरवतानाही मोडू शकतो. बदलताना ब्राँझचे किंवा डीझेडआरचे (जस्त न सोडणाऱ्या पितळेचे) घ्या, आणि प्रत्येक नळाशेजारी त्याच्या मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा. पाणी आत यायला लागल्यावर खण कोण उघडत बसणार?

सेलड्राइव्हभोवतीचं तळातलं भोक बंद ठेवणाऱ्या रबरी डायफ्रामला व्होल्व्होने 7 वर्षांची मुदत सांगितली आहे. शेवटचा कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून किंमत पाडा, कारण त्यासाठी इंजिन हलवावं लागतं आणि भागापेक्षा मजुरी जास्त पडते.

डोलकाठीच्या तारा 10-15 वर्षांपेक्षा जुन्या असल्या की विमावाले कुरकुर करतात. तार वरून चकचकीत दिसते. गंज धरतो तो टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या आत. नळीच्या तोंडाशी टिश्यू पेपर फिरवा. तुटका तंतू असेल तर कागद अडकतो. एक जरी सापडला तरी पूर्ण संच बदलायचा.

कुकरची_शिट्टी
इंडक्शनचं गणित. चौघांचं दोन वेळचं जेवण, पोळ्यांसकट, दिवसाला दीड ते दोन युनिट. 12 व्होल्टची 400 अँपियर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण पाच युनिट. 400 वॅटची सौर पॅनेल साउथॅम्प्टनला जूनमध्ये दिवसाला दीड युनिट देतील, डिसेंबरमध्ये पाव युनिटही मुश्किलीने. मरीनात किनाऱ्याची वीज आहे तोवर चिंता नाही. नांगरावर उभं राहिल्यावर चार ढगाळ दिवस आले की संपलं, कारण फ्रीजही त्याच बॅटरीवर. म्हणून गॅसची शेगडी काढून टाकू नका. फुलक्याला ज्योत लागतेच.

2000 वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 180 अँपियरच्या आसपास ओढतो. केबल 70 चौरस मिमीची, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. इंजिनाचा अल्टरनेटर लिथियमला थेट जोडू नका. बॅटरी मिळेल तेवढा करंट घेत राहते, कमी फेऱ्यांवर अल्टरनेटरला पुरेसा वारा मिळत नाही आणि तो जळतो. मध्ये करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर टाका.

गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडरच्या कप्प्यात तांब्याभर पाणी ओता: सगळं बाहेर समुद्रात पडलं पाहिजे, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळात, थेंबही नाही.

वॉटरमेकर लगेच घ्या. एकदा नांगरावर राहायचं ठरलं की पर्याय नाही.

तळपाणी
इथे असहमत. 350 लिटरची टाकी, माणशी 12 लिटर, भांडी समुद्राच्या पाण्याने विसळून शेवटी गोडं: आठवडा निघतो. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर आठवड्यात एखादा नळ सापडतोच. उलट पडून राहिलेला वॉटरमेकर चालत्यापेक्षा लवकर बिघडतो. दर पाच-सात दिवसांनी गोड्या पाण्याने धुवावा लागतो, आणि मरीनाच्या नळातलं क्लोरीन कार्बन फिल्टर न लावता आत गेलं तर मीठ गाळणारं मेंब्रेन गेलं. आधी नांगर आणि 60-70 मीटर साखळी. 10 मीटर पाण्यात, भरती आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची धरून पाचपट सोडायची तर तेवढी लागतेच.

किनारा_सुटला
पटलं, वॉटरमेकर पुढच्या वर्षी. व्हिसाचं कसं करायचं?

बंदर_चौकशी
बोटीचं घड्याळ वेगळं, माणसांचं वेगळं. युरोपीय संघात राहत नसलेल्याची बोट तात्पुरत्या प्रवेशाखाली, व्हॅट न भरता 18 महिने राहू शकते. तुम्हाला मात्र कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच, तेही आधी काढलेल्या मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा). पोर्तुगाल, स्पेन, इटली, ग्रीस, 2023 पासून क्रोएशियाही त्याच 90 दिवसांत मोजले जातात. मधले महिने तुर्कस्तान, माँटेनेग्रो, ट्युनिशिया अशा बाहेरच्या देशांत काढायचे. ब्रिटनचा आयएलआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) असेल तर सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास तो रद्द होतो. नोकरीशी बांधलेला व्हिसा असेल तर राजीनाम्याआधीच वकिलाला गाठा.

वाटेबद्दल एक. स्पेनच्या वायव्येच्या गॅलिसियापासून जिब्राल्टरपर्यंत 2020 पासून ओर्का (किलर व्हेल) बोटींच्या सुकाणूंना धडका देतात. तिथे शक्यतो 20 मीटरच्या आतल्या उथळ पाण्यातून जातात, पण मग मासेमारीच्या जाळ्यांची बोयरी चुकवत जावं लागतं, म्हणून तो टप्पा दिवसाउजेडी.

आणि 6 वर्षांच्या मुलाला आपोआप फुगणारं जॅकेट नको. फोमचं घ्या, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. तो नसेल तर पाण्यात जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं. जाण्याआधी पोहण्याच्या तलावात घालून बघा.